परतीची गाडी

कंपनीच्या पत्राची सुरुवातच ‘आमच्या परिवाराचे सन्माननीय सदस्य’ अशी होती. एवढा मान मला माझ्या स्वतःच्या परिवारात मिळत नाही, तेव्हा मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण माणूस मानाचा भुकेला असतो. मी ते पत्र आधी हिला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग बाबांना, आणि खालच्या मजल्यावरचे कलमकाका पेपर मागायला आले तेव्हा त्यांनाही. सन्माननीय सदस्यांच्या गाडीची तीन वर्षांची लीज महिनाअखेरीस संपत होती आणि गाडी ‘वाजवी वापराने होणारी झीज वगळता मूळ स्थितीत’ परत करायची होती.

“वाजवी म्हणजे किती?” कलमकाकांनी विचारलं. ते चाळीस वर्षं कोर्टात कारकून होते. त्यांच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला एखादं कलम येतं, म्हणून सगळी बिल्डिंग त्यांना कलमकाका म्हणते.

“वाजवी म्हणजे वाजवी,” मी म्हणालो.

“मेलास तिथेच,” काका म्हणाले आणि पेपर घेऊन गेले.

गाडी लीजवर घेण्याची कल्पना माझ्या मेहुण्याची. तो बाथरूमच्या फरश्या विकतो आणि इतर सर्व विषयांवर फुकट सल्ला देतो. “भावजी, विकत घेतलेली गाडी जुनी झाली तर आपली जुनी होते. लीजची जुनी झाली तर कंपनीची जुनी होते. आपण नामानिराळे!” मला हे वाक्य इतकं आवडलं होतं की मी ते कार्यालयातही तीन-चार जणांना स्वतःचं म्हणून ऐकवलं.

करार मात्र मी वाचला होता. कुणी म्हणायला नको की वाचला नाही. मी शालेय पुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. छापील कागद न वाचता सोडणं मला जमतच नाही. अठ्ठावीस पानं मी शब्दन् शब्द वाचली, ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका काढल्या, दोन ठिकाणी विरामचिन्हं सुधारून दिली आणि सही केली. काउंटरवरच्या माणसानं उठून आभार मानले होते. अर्थाचं म्हणाल, तर अर्थाकडे बघायची मला सवय नाही. आमच्या धंद्यात अर्थाची जबाबदारी लेखकावर असते.

दुसऱ्या दिवशी कलमकाका पेपर परत द्यायला आले ते सल्ला घेऊनच. “परत करण्याआधी त्यांच्याकडून पूर्वतपासणी करून घे. फुकट असते. काय निघेल ते आधीच कळेल.”

आता मागे वळून बघता वाटतं की आधी न कळणं हे मनुष्यमात्राला मिळालेलं मोठं सुख आहे. पण मी अर्ज केला.

तपासनीस रविवारी सकाळी आला. सडपातळ, अत्यंत नम्र, हातात टॉर्च आणि एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी. पट्टीवर लहान-मोठी वर्तुळं कोरलेली. ओरखडा लहान वर्तुळात मावला तर ती झीज. बाहेर आला तर ते नुकसान. झीज फुकट, नुकसानाला आकार. एवढं समजावून सांगून तो गाडीभोवती फिरू लागला आणि त्याच्यामागोमाग आमची सगळी बिल्डिंग.

लोकांचा काही दुष्ट हेतू होता असं मी म्हणणार नाही. पण मदत करण्याची हौस फार वाईट. “साहेब, इकडे एक राहिला,” तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या. “दाराच्या आतल्या बाजूला बघा, तिथेही आहे,” आणखी कुणीतरी. एका गृहस्थांनी तर स्वतःचा रुमाल काढून धूळ पुसली आणि खाली दडलेला वीतभर ओरखडा उजेडात आणून दिला. तपासनीस प्रत्येकाचे आभार मानत होता. मी त्यांच्याकडे असा बघत होतो, जसा परीक्षेत कॉपी करणारा मुलगा, आपली चिठ्ठी उचलून सरांना नेऊन देणाऱ्या मित्राकडे बघतो.

चौदा ओरखडे. मागच्या बंपरला एक पोचा. तो माझाच, आमच्याच फाटकाच्या खांबाला भेट देताना झालेला. मागच्या सीटवर पिवळा डाग. दुसरी किल्ली गहाळ. शेवटी तपासनीस आत बसला, मीटर बघितलं, आणि अत्यंत हळुवार आवाजात, डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तसं म्हणाला, “त्रेचाळीस हजार सहाशे अठरा.”

“बरं मग?”

“आपल्या करारात तीस हजारांची मर्यादा आहे. पुढच्या प्रत्येक किलोमीटरला आकार.”

मी हसलो. अगदी मनापासून हसलो. कारण मी छापखान्यात बसनं जातो. तिथे पार्किंग फक्त संपादकांना आहे. ही एका दंतवैद्याकडे लोकांना वेळा देण्याचं काम करते, ते चालत सात मिनिटांवर. गाडी निघायची ती रविवारी, आणि वर्षातून एकदा आम्ही चार दिवस कुठेतरी जाऊन भांडून येत असू तेव्हा. कितीही ताणलं तरी बारा-तेरा हजारांच्या वर हिशोब जाईना. “तुमचं मीटर बिघडलंय,” मी म्हणालो.

“मीटर कधी बिघडत नाही,” मागून बाबा म्हणाले. बाबा तीस वर्षं पाणीखात्यात घरोघरी जाऊन मीटर वाचायचे. मीटरवर अविश्वास दाखवलेला त्यांना खपत नाही. एवढं बोलून ते मात्र जिना चढून वर गेले. जरा घाईनंच गेले, हे मला नंतर आठवलं.

संध्याकाळी अहवाल आला. शेवटच्या ओळीतला आकडा माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढा होता. पाच महिने आम्ही जेवायचं नाही, वीज वापरायची नाही आणि शक्यतो आजारी पडायचं नाही, असं धरलं तर तो भरता येण्यासारखा होता.

ही म्हणाली, “अहो, विचारून तर बघा, कमी करतील.” मी फोन लावला. तिकडून एका मंजुळ आवाजानं सांगितलं की माझा फोन त्यांच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. बावीस मिनिटं तो महत्त्वाचा राहिला आणि मग कटला.

मेहुणा अहवाल वाचून म्हणाला, “भावजी, ही लूट आहे. परत करायच्या आधी आपण घरीच सगळं नीट करू. दहा टक्क्यांत काम होतं.” नामानिराळे राहण्याचं काय झालं, असं मी विचारलं नाही. पाहुण्याचा अपमान करू नये.

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचं मत होतं की ओरखड्यांवर टूथपेस्टसारखं औषध नाही. त्यांनी स्वतः खाली येऊन एक आख्खी ट्यूब गाडीला चोळली. त्यानं ओरखडे गेले नाहीत. आजूबाजूची चमक गेली. आधी जे ओरखडे जवळ जाऊन बघावे लागत, ते आता रस्त्यापलीकडून दिसू लागले. गाडीला पुदिन्याचा वास मात्र आठवडाभर होता.

मग मेहुण्यानं रंग आणला. आमच्या गाडीचा रंग ‘मोतिया पांढरा’. त्यानं आणला ‘दुधी पांढरा’. “पांढऱ्यात पांढरं,” तो म्हणाला, “कुणाच्या बापाला कळत नाही.” ओला असताना खरोखर कळत नव्हता. वाळल्यावर चौदा ठिकाणी चौदा टिकल्या अशा उठून दिसू लागल्या, की शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी जाता जाता विचारलं, “गाडीला कांजिण्या आल्या का हो?”

पोचा राहिला होता. गरम पाणी ओतायचं आणि मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी दट्ट्या लावून ओढायचं, असं मेहुण्यानं कुठेतरी बघितलं होतं. मी पाणी ओतलं, त्यानं दट्ट्या लावला, दोघांनी मिळून ओढला. ‘थप्प’ असा आवाज होऊन पोचा खरंच बाहेर आला. आम्ही एकमेकांना मिठी मारली. तेवढ्यात ‘कट्’ असा दुसरा, बारीक आवाज आला आणि बंपरची डावी बाजू निखळून, कवळी सुटल्यासारखी खाली लोंबू लागली. मेहुण्याला लगेच एका गिऱ्हाइकाकडे फरश्या मोजायला जायचं असल्याचं आठवलं.

आता माझ्या हातात एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे दुसरी किल्ली. हल्लीच्या किल्लीत कसलंसं यंत्र असतं, तिची किंमत ऐकून मला वाटलं की आमच्या घराला किल्लीऐवजी नुसती कडी आहे ते किती बरं. दोन दिवस घर उलथंपालथं केलं. सहा वर्षांपूर्वी हरवलेला एक मोजा सापडला, विजेचं एक न भरलेलं बिल सापडलं, किल्ली नाही. “हरवल्याची पोलिसात नोंद कर,” कलमकाका म्हणाले. “नोंद असली की आकार माफ. तसं कलम असतंच.” हे बोलताना ते माझ्याकडे न बघता छताकडे बघत होते.

चौकीतल्या हवालदारानं अर्ज वाचला. “गाडी चोरीला गेली?”

“नाही, गाडी आहे. किल्ली गेली.”

“मग गाडी चालते कशी?”

“दुसऱ्या किल्लीनं.”

“म्हणजे किल्ली आहे.”

“एक आहे. दुसरी गेली.”

“तुम्ही आत्ता म्हणालात दुसरीनं चालते.”

अर्ध्या तासानं आमचं किल्ल्यांच्या क्रमांकावर एकमत झालं. मग त्यानं विचारलं, गाडी कुणाच्या नावावर? मी म्हणालो, कंपनीच्या. “मग किल्ली कंपनीची हरवली. कंपनीला पाठवा.” कंपनीचं अधिकारपत्र आणलं तर तक्रार घेऊ, असं तो म्हणाला; आणि अधिकारपत्रासाठी आधी तक्रारीची प्रत लागेल, हे कंपनीच्या अहवालातच लिहिलं होतं. मी हवालदाराला तसं सांगितलं. तो म्हणाला, “बरोबर आहे त्यांचं.” आणि अर्जातल्या ‘किल्ली’वर बोट ठेवून पुढे म्हणाला, “हे दीर्घ हवं ना हो? कील्ली?” बावीस वर्षांच्या नोकरीत माझा एवढा अपमान कुणी केला नव्हता.

घरी आलो तो तिरमिरीतच. चपला काढता काढताच मी जाहीर केलं, की कुणीतरी आपल्या घरातून किल्ली चोरली आहे, तो गाडी हजारो किलोमीटर हिंडवतो आहे, आणि मी त्याला शोधून तुरुंगात घातल्याशिवाय राहणार नाही.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं बाबांकडे बघितलं. बाबांनी हळूच उशाखालचं चष्म्याचं घर काढलं, उघडलं आणि त्यातली किल्ली टेबलावर ठेवली.

“तुरुंगात डबा मात्र घरचा पाठव,” ते म्हणाले.

मी खुर्चीवर बसलो. कुणीतरी पाणी दिलं. बाबांनी घसा साफ केला आणि आकडे सांगायला सुरुवात केली. त्यांना आकडे पाठच असतात. गाडी घेतल्यावर चौथ्या महिन्यात मीटर होतं नऊशे बारा. त्या दिवशी मागच्या गल्लीतले गाण्याचे मास्तर बसथांब्यावर बसलेले दिसले. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. बसची पायरी चढवत नव्हती, तीन बस सोडून दिल्या होत्या. आठवड्यातून तीनदा टॅक्सी परवडणारी नव्हती. बाबा घरी आले, किल्ली घेतली आणि त्यांना सोडून आले. मग दोन दिवसांनी पुन्हा सोडलं. मग मास्तरांनी सांगितलं की शेजारच्या दोघी बहिणींना गुडघ्यांच्या व्यायामासाठी जायचं असतं. त्यांच्यामागून कोपऱ्यावरचे शिंपीकाका आले, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला.

“पेट्रोल?” मी विचारलं.

“जेवढं असायचं तेवढंच परत भरून ठेवायचो. सगळे मिळून भरतात. काटा जिथल्या तिथे.”

“आणि सीटवरचा डाग?”

“शिंप्याचं डोळ्यात घालायचं औषध. खड्डा आला आणि नेम चुकला. ओरखडे बरेचसे थोरल्या बहिणीच्या काठीचे. आणि एक कलमचा. दर महिन्याला हृदयाच्या डॉक्टरकडे जाताना तो दार उघडून आधी कठड्यावर आपटतो.”

म्हणजे कलमकाकाही. मी हिच्याकडे बघितलं. “तुला माहीत होतं?”

“सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं,” ही म्हणाली. “तुम्हाला वाटायचं, सीट मी पुढे सरकवते.”

रागवावं असं फार वाटत होतं. पण डायलिसिसवर रागावणार कसं? मी शेवटी एवढंच म्हणालो, “मला का नाही सांगितलंत, बाबा? मी नको म्हणालो असतो का?”

“नको म्हणाला नसतास,” बाबा म्हणाले. “पण करार वाचून दाखवला असतास.”

पुढे ते भिंतीकडे बघत म्हणाले, “माझ्या पेन्शनीतून भरतो मी ते पैसे. हळूहळू. तू काळजी करू नकोस.” बाबांची पेन्शन किती आहे ते मला ठाऊक आहे. त्या हिशोबानं ते एकशे चार वर्षांचे होईपर्यंत फेडत बसले असते. आणि गाडी परत गेल्यावर मास्तरांचं काय, हे आम्ही दोघांनीही काढलं नाही. ते खोलीत आपलं आपण बसून होतं.

शुक्रवारी मी रजा काढून कंपनीच्या कार्यालयात गेलो. बाबा बरोबर आलेच. टोकन क्रमांक एकशे सत्तावीस. दोन तासांनी आम्ही परतावा विभागाच्या बाईंसमोर बसलो. मी रात्रीपासून एक भाषण तयार केलं होतं. त्यात माणुसकी हा शब्द चार वेळा येत होता. बाईंनी पहिल्या माणुसकीलाच हात वर केला. “आकारणी कमी करण्याचा अधिकार मला नाही. हप्ते करून देते. त्यावर व्याज लागेल.”

तेव्हा बाबा पुढे वाकून म्हणाले, “आणि गाडी परतच केली नाही तर?”

बाई मागे सरकल्या. त्यांचा हात टेबलाखालच्या घंटीकडे गेला असावा, कारण दारातला सुरक्षारक्षक एकदम सावध उभा राहिला.

“म्हणजे,” मी घाईघाईनं म्हणालो, “त्यांना तसं म्हणायचं नाही—”

“मला तसंच म्हणायचंय,” बाबा म्हणाले. “आम्हाला ती ठेवायची असली तर?”

बाई घंटीवरचा हात काढून आमच्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे विकत? मग आकारणीचा प्रश्नच येत नाही. ज्याची गाडी त्याचे ओरखडे. किलोमीटरही त्याचेच. कलम एकोणीस, पान बावीस. करारात स्वच्छ लिहिलंय.”

पान बावीस मला चांगलं आठवत होतं. त्यावर मी ‘विक्रि’ची ‘विक्री’ केली होती.

“किंमत?” बाबांनी विचारलं.

“गाडीच्या प्रत्यक्ष स्थितीवर ठरते. आमचा माणूस पुन्हा येऊन बघेल.”

तो रविवार आमच्या बिल्डिंगच्या इतिहासात नोंदण्यासारखा आहे. तोच नम्र तपासनीस, तोच टॉर्च, तीच पट्टी. पण त्यानं गाडी बघितली आणि तो नम्रपणासुद्धा विसरला. “अरे देवा,” तो म्हणाला. “दोन आठवड्यांत हे कसं झालं?”

“वाजवी वापर,” कलमकाका म्हणाले.

आता मात्र मदत करणाऱ्यांचा मला राग येत नव्हता. मावशींनी टूथपेस्टनं मारलेला टपाचा भाग स्वतः दाखवला. “इथे बघा, चमक परत येणार नाही. मी जातीनं घासलंय.” दोघी बहिणी पुढे झाल्या, थोरलीनं काठीनं एकेक ओरखडा दाखवला आणि दाखवता दाखवता पंधरावा केला. मेहुणा बंपर हातानं उचलून धरी आणि सोडून देई; तो दर वेळी अधिकाधिक केविलवाणा लोंबे. त्या माणसाला माझ्या मेहुण्याइतका हाडाचा विक्रेता आयुष्यात भेटला नसेल. फक्त इथे माल वाईट आहे हे पटवायचं होतं. तपासनीस लिहीत होता आणि किंमत उतरत होती. शेवटी ती जिथे थांबली, तो आकडा आकारणीपेक्षा थोडासाच जास्त होता. फरक एवढाच, की आकारणी भरली असती तर आमच्या हातात पावती राहिली असती. आता गाडी राहणार होती.

तरीही एकट्यानं झेपणारं काम नव्हतं. त्याच संध्याकाळी बाबांचे सगळे प्रवासी आमच्या बैठकीच्या खोलीत जमले. मास्तर, दोघी बहिणी, शिंपीकाका, कलमकाका. कुणी किती घातले ते मी सांगणार नाही. बाबांनी तशी शपथ घातली आहे. मास्तरांनी पाकीट ठेवलं तेव्हा मी म्हणालो, “मास्तर, तुमचे औषधाचे खर्च आहेत, तुम्ही राहू द्या.”

मास्तर गात असत तेव्हा आवाज तिसऱ्या गल्लीपर्यंत जाई म्हणतात. आता तो समोरच्या खुर्चीपर्यंत कसाबसा पोचतो. “तीन वर्षं दुसऱ्याच्या गाडीत बसलोय,” ते म्हणाले. “आता मालक म्हणून बसू द्या. उतरताना थँक्यू म्हणायचं नाही मग.” मी पाकीट घेतलं. बाबांनी घातले, मी स्वतःही घातले. असे सात मालक झाले.

एक अडचण उरली. विमा कंपनीला सत्तरीपुढच्या चालकाच्या नजरेचा दाखला हवा होता.  डोळे तपासायला जायच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. सबंध वाटेवर ते दुकानांच्या पाट्या पुटपुटत वाचत होते, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली की हे पास झाले नाहीत तर मी काय करीन. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, की नजर खरंच गेलेली असताना पास झाले तर काय करीन.

डॉक्टरांनी दिवे मंद केले. बाबांनी वरची ओळ वाचली, मधल्या वाचल्या, तळाची वाचली. मग चष्मा सारखा करत म्हणाले, “खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू का?” तीस वर्षं अंधाऱ्या खड्ड्यांत वाकून, गाळ पुसून मीटर वाचलेली ती नजर होती. डॉक्टर खूश झाले. मी बाबांचा खांदा दाबला. जरा जास्तच जोरात दाबला असावा, कारण ते ‘अरे’ म्हणाले.

“तुम्हीही बसा,” डॉक्टर मला म्हणाले, “आलाच आहात तर.” मी हसत बसलो. तळाच्या दोन ओळी मला वाचता आल्या नाहीत. मी, मुद्रितशोधक, जाड भिंगांच्या चष्म्याची चिठ्ठी घेऊन बाहेर आलो. बाबांनी जिन्यात माझा हात धरला आणि म्हणाले, “सांभाळून. पायरी आहे.”

गाडी बाबांच्या नावावर झाली. पुढच्या बुधवारी मी नेहमीसारखा बसथांब्यावर उभा होतो. बस येण्याची चिन्हं नव्हती. तेवढ्यात आमची ठिपक्या-ठिपक्यांची गाडी समोरून गेली, बंपर तारेनं बांधलेला, आत चौघे. मी हात केला. ती पुढे गेली, थांबली, आणि भुंकल्यासारखा आवाज करत मागे आली.

“शिंपी आज नाहीये. मधली जागा आहे,” बाबा काचेतून म्हणाले. “चल.”

मी दोघी बहिणींच्या मध्ये बसलो. थोरलीची काठी माझ्या मांडीवर, धाकटीची पिशवी माझ्या पायात. पुढे मास्तर डोळे मिटून बसले होते. छापखाना डावीकडे होता. गाडी उजवीकडे वळली.

“बाबा, छापखाना—”

“आधी दवाखाना. मास्तरांचं मशीन साडेआठला लागतं,” बाबा म्हणाले. “तुझ्या पुस्तकांना काय, चुका काय पळून जातात?”

दवाखान्याच्या दारात बाबा उतरले, गाडीला वळसा घालून आले, दार उघडून मास्तरांच्या काखेत हात घातला आणि मीटर वाचायला वाकत तसे वाकून त्यांचा एकेक पाय बाहेर ठेवला. मास्तरांनी थँक्यू म्हटलं नाही. असं उतरवणं तीन वर्षांत कितीदा झालं असेल, याचा मी हिशोब करू लागलो आणि सोडून दिला. मग दोघी बहिणींचा व्यायाम. तिथे धाकटीनं आग्रह केला म्हणून मीही दहा मिनिटं पाय वर-खाली केले. छापखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. संपादकांनी घड्याळाकडे बघितलं आणि अर्धी रजा मांडली.

संध्याकाळी हे सगळं मी हिला सांगितलं. ती हसून हसून खुर्चीत बसली. “उद्यापासून आपले बसनं जा,” ती म्हणाली.

“उद्या बसनंच जाणार आहे,” मी म्हणालो. “परवा नाही. परवा मला पुढची सीट आहे. मास्तरांनी स्वतः देऊ केलीये.”